आठ मार्चची किल्ली

आमच्या ऑफिसातलं बायकांचं बाथरूम वर्षातून एकदाच उघडायचं. आठ मार्चला. बाकी वर्षभर त्याला साहेबांचं कुलूप. मी हे विनोद म्हणून सांगत नाही. ज्यांना हसू येतंय त्यांनी खुशाल हसावं, फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसावं.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याची बदली लखनौच्या एका सरकारी कारखान्यात झाली, तशी मीही माझ्या खात्यातून बदली मागून घेतली आणि आलो दोघं. सत्तरचं दशक तेव्हा मध्यावर होतं. सरोजिनी नगरात भाड्याच्या दोन खोल्या, तिथून कानपूर रोडवर यायचं, मिळेल त्या बसमध्ये घुसायचं आणि शहरातलं ऑफिस गाठायचं. रस्ता लांब, बस भरलेली, आणि घरातून निघताना चहासुद्धा अर्धाच कप. कारण ऑफिसात बायकांना बाथरूमला जायची सोय नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ऑफिस म्हणजे जुना बंगला. समोर लांबलचक व्हरांडा. व्हरांड्याच्या एका टोकाला पुरुषांची मोरी, दुसऱ्या टोकाला साहेबांची केबिन, आणि केबिनला लागून ते बाथरूम. बांधलं होतं ते बायकांसाठीच. दारावर पाटीच्या खिळ्यांची भोकं होती, पाटी मात्र काढून ठेवलेली. साहेबांना पुरुषांच्या मोरीचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून त्यांनी हे स्वतःकडे घेतलं होतं. आत स्वच्छ फरशी, नळ, आरसा. किल्ली साहेबांच्या खिशात. आम्ही मूठभर बायका, आमच्यासाठी एका बड्या साहेबाने त्रास का सोसावा?

आम्ही कुठे जायचो? रस्त्यापलीकडे मुलींची एक शाळा होती. तिथल्या चौकीदाराची बायको दया येऊन मागच्या दाराने आत घ्यायची. तेही शाळा चालू असेल तर. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंना सगळे आपा म्हणत. त्या जुन्या लखनौच्या, चौक भागातल्या, नवरा लवकर गेलेला, जिभेवर साखर आणि पोटात अंगार. त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं की सकाळपासून पाणी प्यायचं नाही, फार घसा सुकला तर वेलदोडा चघळायचा. मी म्हटलं, आपा, उन्हाळ्यात? त्यांनी फक्त वेलदोड्याची डबी पुढे केली.

मग पंच्याहत्तरचं ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आलं. वरून आदेश आला की आठ मार्च साजरा करा. साहेबांना तर उत्सव हवाच होता. आम्हाला सांगितलं, सगळ्यांनी पिवळ्या साड्या नेसून या, दारात रांगोळी काढा, आरतीची ताटं धरून उभ्या राहा. कोणाची आरती? पाहुण्यांची. पाहुणे कोण? वरच्या ऑफिसातले आणखी मोठे साहेब. आम्ही उन्हात ताटं धरून ताटकळत होतो आणि ज्यांचा दिवस त्या आम्हीच पुरुषांना टिळे लावत होतो. मी ताट धरलं, टिळा काही लावला नाही. आमच्या घरात आरती नसते, एवढंच म्हटलं.

मग भाषणं. साहेब बोलायला उभे राहिले की डोळे मिटून बोलत. नारी म्हणजे सहनशीलतेची मूर्ती, नारी म्हणजे धरती, सगळं सोसते आणि हू की चू करत नाही. टाळ्या. टाळ्या संपल्यावर सत्कार झालेल्या आम्ही उठलो आणि सत्कार करणाऱ्यांना समोसे वाढले. जाताना प्रत्येकीच्या हातात एकेक गुलाब.

आणि त्या दिवशी दारावर पाटी परत लागली, ‘महिला प्रसाधन’. पाहुण्यांची पत्नी येणार होती ना. आत फिनाईल, नवा साबण, खुंटीला टॉवेल. साहेबांनी स्वतःची किल्ली मोठ्या मनाने आपांकडे दिली, दिवसभरासाठी. आम्ही गरज नसतानाही एकेक करून जाऊन आलो. संध्याकाळी पाटी उतरली, किल्ली परत खिशात गेली. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. पाटी लावायची, पाटी काढायची. महिला दिन म्हणजे काय, असं मला कोणी तेव्हा विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

मला राग का यायचा तेही सांगते. आमच्या वस्तीत मार्च म्हणजे वीस तारीख. ज्या तळ्याचं पाणी प्यायला आमच्या माणसांना बंदी होती, त्या महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन आमची माणसं ते पाणी प्यायली, तो दिवस. माझी आई त्या दिवशी पांढरी साडी नेसून दाराबाहेर माठ मांडून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून पाणी द्यायची. सायकलवाला असो, भाजीवाली असो, पोलीस असो, ये बाबा, पाणी पी. संध्याकाळी मिरवणुकीत बायका पुढे असायच्या. कोणी त्यांच्या सोसण्याचं कौतुक करत नसे. आईचं साधं म्हणणं होतं की सोसलं असतं तर अजून तहानलेलेच राहिलो असतो. तिथे आधी पाणी प्यायले आणि मग उत्सव सुरू झाला. इथे नुसताच उत्सव चालला होता.

दोन-चार वर्षं अशी गेली आणि मला दिवस राहिले. लग्नाला बरीच वर्षं झालेली, सासूबाईंची पत्रांतून विचारणा करून दमछाक झालेली, त्यामुळे नवरा तर हवेत होता. रोज छावणीच्या बाजूने यायचा आणि माझ्यासाठी पेरू घेऊन यायचा. चौथा महिना लागला तेव्हा उन्हाळा सुरू झालेला. लखनौची लू, तिथला उन्हाळी वारा, म्हणजे भट्टीचं दार उघडावं तशी. शाळेला सुट्ट्या लागल्या, चौकीदार बायकोला घेऊन गावी गेला. आमचं मागचं दार बंद झालं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. लाज बाजूला ठेवून सांगितलं की सर, माझी अशी अवस्था आहे, दिवसातून एकदा-दोनदा किल्ली द्याल का? साहेब आधी छताकडे बघत राहिले, जसं काही मी त्यांच्यासमोर घाण आणून टाकली. मग हसले. ते हसू मी आजही ओळखेन.

“थोड़ा बर्दाश्त करना सीखिए,” ते म्हणाले. “औरत तो बर्दाश्त का ही दूसरा नाम है।”

मी बाहेर आले. आपांना माझा चेहरा पाहूनच कळलं. मी सोसत राहिले. दुसरं काय करणार? नोकरी सोडायची तर घर एका पगारावर चालायचं नाही. पाणी प्यायचं नाही, दाबून ठेवायचं, घरी पोचल्यावर धावत सुटायचं. आधी जळजळ सुरू झाली, मग ताप, मग थंडी वाजून ताप. एका दुपारी टायपिंग करता करता कळ आली आणि खुर्चीवरच मला कळलं की काहीतरी भलतंच होतंय. आपा आणि आणखी एकीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचा संसर्ग वरपर्यंत गेलाय. मग त्यांनी विचारलं की पाणी का पीत नव्हतीस?

पोर गेलं. मुलगा होता की मुलगी, मी विचारलं नाही.

मी परत कामावर रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी बोलावून दुःख व्यक्त केलं. भगवान की मर्ज़ी म्हणाले. बोलता बोलता उठले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्यादेखत बाथरूममध्ये गेले. आतून पाण्याचा आवाज आला. मी तिथेच उभी राहून ऐकत होते. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाची जिरवीन. कशी ते माहीत नव्हतं. पण जिरवीन. ज्यांना क्षमा करता येते त्यांनी करावी, त्यांचं कौतुक आहे. मला आली नाही, आजही येत नाही.

तक्रारी केल्या. वर अर्ज गेला, खाली आला, साहेबांकडेच आला. तो मला दाखवून टोपलीत टाकला त्यांनी. घरी येऊन मी दात-ओठ खायचे. नवरा म्हणायचा, सोड आता, आपलं पोर काही परत येणार नाही. मी म्हणायचे, पोर नाही येणार, पण ती किल्ली येईल.

मग ऐंशी उजाडलं. त्या सुमाराच्या एका वर्षी होळी आठ मार्चच्या अगदी जवळ आली. साहेबांनी महिला दिनाची सगळी व्यवस्था माझ्यावर टाकली. मंडप, खुर्च्या, खाणं, आभार, सगळं. मला वाटतं त्यांना वाटलं होतं की ही बाई आता निवळली. मी म्हटलं, सर, होळी आहे, यंदा चहा नको, ठंडाई करू. साहेब मूळचे मथुरेकडचे, ठंडाईचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटायचं. एकदम ख़ुश. वाह, म्हणाले, ये हुई न बात।

भांग नव्हती, उगाच शंका घेऊ नका. मला त्यांना झिंगवायचं नव्हतं, शुद्धीवरच ठेवायचं होतं. आदल्या दिवशी आपांच्या घरी आम्ही दोघींनी वाटण केलं. बदाम, खसखस, गुलाबाच्या पाकळ्या, आणि मूठ-मूठ जास्तीची बडीशेप, खरबुजाच्या बिया, काकडीच्या बिया. या बियांनी सारखं लघवीला जावं लागतं, हे लघवीला जळजळ होणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मला तर डॉक्टरांच्या औषधाबरोबर आईने नागपूरहून त्याच पाठवल्या होत्या. वाटताना आपा गुणगुणत होत्या. मी नव्हते.

आठ मार्चला सकाळी मी पुरुषांची मोरी बंद करवली. वरिष्ठ पाहुणे येणार, वास येतो, म्हणून सफाईवाल्याकडून ॲसिड टाकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत दार बांधून ठेवलं. साहेबांनीच शाबासकी दिली. बाकीच्या बाबू लोकांची मला काळजी नव्हती, त्यांना बंगल्यामागची भिंत ठाऊक होती. पण सफारी सूट घातलेला बडा साहेब भिंतीपाशी जात नाही. आणि दरवर्षीप्रमाणे साहेबांनी मोठ्या मनाने बायकांच्या बाथरूमची किल्ली त्या दिवसापुरती आमच्याकडे दिली. या वेळी माझ्या हातात. मी ती पदराच्या टोकाला बांधली.

पाहुणे दिल्लीहून आलेले, साहेबांचेही साहेब. त्यांना मधुमेह, ठंडाईला हातही लावला नाही. त्यांचं माझं काही वैर नव्हतं, बरंच झालं. साहेबांकडे मात्र आपा होत्या. लखनौत आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे वागणुकीत कमी पडणं, आणि आज तर बायकांचा दिवस. पहिला पेला साहेबांनी आवडीने संपवला, दुसराही. तिसऱ्याला नको म्हणाले, तर आपा अशा काही वाकल्या की कोणालाही वाटावं जहागीरदारीणच. “हुज़ूर, आज हमारा दिन है, हमारा दिल न तोड़िए।” सगळे बघत होते. साहेब प्यायले. पाहुण्यांच्या भाषणाच्या मध्यावर आपांनी आणखी एक पेला गुपचूप त्यांच्या हातात दिला.

पाहुणे बोलत राहिले. बोलायची हौस भारी. साहेब आधी पाय हलवू लागले, मग मांडीवर मांडी, मग दुसऱ्या मांडीवर पहिली. कपाळाला घाम. पण स्वतःचे साहेब बोलत असताना उठायचं कसं? मी समोर बसून पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

पाहुणे बसले आणि आभारासाठी मी उठले. मी एवढी कधी बोलले नव्हते. मंडपवाल्याचे आभार, माइकवाल्याचे, फुलवाल्याचे. मग म्हटलं, आज दिवस कशाचा आहे ते दोन शब्दांत सांगते. सांगितलं की हा दिवस सुरू केला तो गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांनी. त्यांना कोणी गुलाब दिला नव्हता. कामाचे तास कमी करा, पोटाला पुरेल एवढं द्या, मत द्यायचा हक्क द्या, म्हणून त्या काम टाकून रस्त्यावर आल्या होत्या. त्या सोसत बसल्या असत्या तर आज हा मंडप नसता. मग माझ्या आईच्या माठाचंही सांगितलं. हिंदीत, सावकाश, एकेक शब्द मोजून. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, सबसे आख़िर में हमारे साहब का आभार, जो हर साल आज के दिन हमारे लिए एक दरवाज़ा खुलवाते हैं। पाहुण्यांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि साहेब व्हरांड्यातून जवळजवळ धावत सुटले. सगळे मंडपात समोसे खात होते. मी आणि आपा आधीच बाथरूमच्या दाराशी उभ्या होतो. साहेबांनी कडी ओढली. कुलूप. मग त्यांना माझा पदर दिसला.

“चाभी दीजिए,” ते म्हणाले. आवाज बसलेला.

मी पाटीकडे बोट दाखवलं. महिला प्रसाधन.

“मैडम, प्लीज़।” एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. एका हाताने भिंत धरलेली, गुडघे जुळलेले.

किती दिवस मी हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. वेलदोड्यासारखं चघळलं होतं. आता बाहेर काढताना आवाजही चढवावा लागला नाही.

“थोड़ा बर्दाश्त करना सीखिए, साहब।”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं, मला दिसलं ते. आणि मग त्यांना सहन झालं नाही. फिक्कट राखाडी सफारीवर आधी एक डाग आला, तो खाली पसरत गेला आणि चकचकीत बुटाशी फरशी ओली झाली. ते हललेही नाहीत. आपांनी तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही. माझं पोर गेलं त्या दुपारी मी खुर्चीत बसले होते, तेव्हा माझ्याकडे सगळं ऑफिस बघत होतं.

मग मी गाठ सोडली, दार उघडलं आणि म्हटलं, जा, आत पाणी आहे, टॉवेल आहे. व्हरांड्यातली एक खुर्ची ओढून मी दाराबाहेर बसले. ते आवरून मागच्या वाटेने घरी जाईपर्यंत कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही. ऑफिसात कोणाला कधी कळलं नाही. लोकांना हसवून माझं भागणार नव्हतं. साहेबांना रोज मला बघावं लागणार होतं, ते मला पुरेसं होतं.

त्या संध्याकाळी पाटी उतरली नाही. साहेब दोन दिवस आजारी होते. आले तेव्हा केबिनमधून चपराशी पाठवला, साहब ने चाभी मँगाई है। मी म्हटलं, साहेबांना सांग, स्वतः येऊन मागा. चपराशी गेला. मी दाराकडे डोळे लावून बसले. साहेब आले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, बदली होऊन जाईपर्यंत नाही. व्हरांड्याच्या त्या टोकाच्या मोरीकडे जाताना नाकाला रुमाल लावून जायचे. मी टाइप करता करता बघायचे. किल्ली खिळ्याला टांगलेली असायची, कोणीही घ्यावी, कधीही जावं.

माझी मुलगी नंतर दोन वर्षांनी झाली. आता ती इंदिरा नगरात राहते. हे सगळं ऐकून हिंदीतच म्हणते, मम्मी, इतना ग़ुस्सा अच्छा नहीं। असेल. तिच्या वेळी मी त्याच ऑफिसात नऊ महिने काम केलं.

पण ते नंतरचं. चपराशी रिकाम्या हाताने परत गेला त्या सकाळी मी जागेवरून उठले. व्हरांड्यात माठ होता, पुरुषांसाठी भरलेला. आम्ही बायका कधी त्याच्या जवळ गेलो नव्हतो. मी पेला भरून घेतला आणि तिथेच उभी राहून सगळा प्यायले. मग दुसरा भरला. आपा माझ्याकडे बघत होत्या. गार पाणी घशातून खाली उतरत होतं आणि मला एकच गोष्ट आठवत होती, की त्या उन्हाळ्यात ती किल्ली मागताना मी एवढंच मागितलं होतं.